आप्पांची गुप्त खिडकी

आप्पांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे त्यांच्या कचेरीत, इमारतीत आणि सासरच्या माणसांत सर्वश्रुत होतं. कचेरीत ते पाणीपट्टी विभागाचे हेडक्लार्क होते. समोर सगळे 'आप्पा' म्हणत आणि त्यांची पाठ वळली की 'दवंडी'. साहेबांची बदली झाल्याचं खुद्द साहेबांना आप्पांकडून कळलं होतं. याचा अर्थ आप्पा चुगलखोर होते असा मुळीच नाही. कुणाचं वाईट व्हावं म्हणून त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. ते आपोआप उघडायचं.

याचा सगळ्यात मोठा जाच त्यांना घरात होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला एकदाही चकित करणं त्यांना साधलं नव्हतं. एका वाढदिवसाला त्यांनी घड्याळ आणायचं ठरवलं आणि सकाळी डबा हातात घेताना स्वतःहून सांगून टाकलं, "आज संध्याकाळी मी घड्याळबिड्याळ काही आणणार नाहीये हं." बायकोनं शांतपणे मान डोलावली आणि संध्याकाळी जुन्या घड्याळाचा पट्टा आधीच सोडून ठेवला.

बायको भूगोलाची शिक्षिका. सगळी इमारत तिला 'बाई' म्हणे, म्हणून आपणही बाईच म्हणू. पुढच्या महिन्याअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर शनी काढला, त्याच्याभोवती कडं काढलं, पण ते कडं प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. हे त्या एकदाच बोलल्या होत्या, गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता, आणि लगेच पुढची उशीची खोळ घडी करायला लागल्या होत्या. आप्पांच्या मात्र ते मनात रुतून बसलं. त्यांनी ठरवलं, बाईंना दुर्बीण द्यायची. आणि या खेपेला एक शब्द फुटू द्यायचा नाही. बाईंच्या तोंडाचा आ झालेला एकदा, फक्त एकदा, डोळे भरून बघायचा. माणसानं जन्माला येऊन एवढीही अपेक्षा करू नये काय?

पण दुर्बीण म्हणजे काही भाजी नव्हे, की पिशवी घेतली आणि निघालं. तिची माहिती काढायला हवी, आणि माहिती काढायची म्हणजे कॉम्प्युटरवर बसायला हवं. तिथेच घोडं अडलं. आप्पांच्या घरात कॉम्प्युटर एकच, तोही हॉलमध्ये, आणि ब्राउझरची हिस्ट्री ही त्या घरात कुणाची खासगी बाब नव्हती. बाईंना सकाळी घाईत वाचलेला लेख संध्याकाळी पुन्हा हवा असायचा. मग चहाच्या वेळी त्या हिस्ट्री उघडून वह्या तपासाव्यात तशी ती वरून खाली तपासत, आणि आपला लेख सापडेपर्यंत वाटेत जे लागेल ते मोठ्यानं वाचत. आप्पांनी 'पोटाचा घेर घरच्या घरी' शोधलं होतं ते असंच जगजाहीर झालं. 'टकलावर केस येतात का' हा प्रश्न तर त्यांनी मित्रासाठी विचारला होता. तो मित्र कोण, हे लेकीनं आजतागायत विचारायचं सोडलेलं नाही.

आप्पांनी ही अडचण कचेरीतल्या रोखपालाच्या कानावर घातली. (गुप्ततेची सुरुवात म्हणून हे बरं नव्हतं, पण सल्ला घ्यायचा तर कुणाला तरी सांगायलाच हवं.) रोखपालानं इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही प्रायव्हेट विंडो वापरत नाही?" मग त्यानं बोटांनी दोन-तीन बटणं एकदम दाबली आणि पडद्यावर एक काळीभोर खिडकी उघडली. वर टोपी आणि चष्मा घातलेल्या माणसाचं चित्र होतं. इथे काय पाहिलं ते हिस्ट्रीत राहत नाही, रोखपाल म्हणाला, खिडकी मिटली की सगळं पुसलं जातं.

आप्पांच्या अंगावर काटा आला. ज्याच्या पोटात काही राहत नाही अशा माणसाला जगात अशीही एक जागा आहे की जिच्याही पोटात काही राहत नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती विश्वासाची, हे कळल्यावर दुसरं काय होणार? चित्राखाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. आप्पांनी त्यातला वरचा अर्धा वाचला. खालच्या अर्ध्यात, ही खिडकी काय काय लपवू शकत नाही ते लिहिलं होतं. आनंदाच्या भरात खालचं अर्धं कोण वाचतो?

त्या दिवशी ते जवळजवळ धावत घरी आले. हातपाय धुतले, पडदा ओढला, पंखा उगाच मोठा केला आणि काळी खिडकी उघडली. दुर्बिणीच दुर्बिणी. लांब, आखूड, तीन पायांच्या, आरशाच्या, भिंगाच्या. आप्पा हरखून गेले. कुठली कशापेक्षा बरी, हे त्यांनी इतकं मन लावून वाचलं की पाणीपट्टीचे नियमसुद्धा कधी तसे वाचले नसतील. शेवटी हवी ती सापडली. शनीचं कडं स्पष्ट दिसेल, असं तिच्याखाली लिहिलेलं होतं. नेमक्या त्याच क्षणी बाई चहा घेऊन आत आल्या आणि आप्पांनी घाबरून खिडकी मिटली.

सगळं गेलं. कुठली दुर्बीण, कुठलं दुकान, काही म्हणता काही उरलं नाही. हिस्ट्रीत बघायला जावं तर तिथे काही नसावं म्हणूनच तर सगळा खटाटोप. त्यांनी पुन्हा शोधलं, पण ती दुर्बीण काही पुन्हा सापडेना. दोन दिवसांनी ती सापडली तेव्हा आप्पांनी कानाला खडा लावला की आता खिडकी मिटायची म्हणून नाही. कुणी आलं की ती फक्त खाली लपवायची, आणि कामाला जातानाही तशीच लपवून जायची. त्या दुकानात त्यांनी आपलं खातं उघडलं, दुर्बीण खरेदीच्या टोपलीत टाकून ठेवली आणि पगाराची वाट बघू लागले.

इकडे घरात निराळंच नाटक सुरू झालं. संध्याकाळच्या हिस्ट्रीवाचनात बाई थबकल्या. आप्पा दीड-दोन तास कॉम्प्युटरला चिकटून होते आणि हिस्ट्रीत काय, तर फक्त उद्याचं हवामान. लेकीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस छताकडे ज्या पद्धतीनं पाहतो, तशी पद्धत जगात दुसरी नाही. हवामान बारकाईनं बघत होतो, असं ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या स्टेशनमास्तरांनी त्यांना जिन्यात गाठलं. हे गृहस्थ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इमारतीत कोण कधी आलं, कधी गेलं, किती उशिरानं, याची नोंद त्यांच्या डोक्यात चोख असे. लेकीनं त्यांच्या नातीला सांगितलं होतं आणि नातीनं त्यांना. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी रुळावरून घसरायची ती या वयातच घसरते, असं काहीसं ते म्हणाले. पडदे ओढून, पंखा मोठा करून माणूस कॉम्प्युटरवर काय बघतो हे न कळण्याइतके आपण भोळे नाही, पण शेजारधर्म म्हणून सांगतो, रोज पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करा.

आप्पांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की खांद्यावरचा हात स्टेशनमास्तरांनी आपणहून काढून घेतला. आजवर कुणाकडे वाकड्या नजरेनं न पाहिलेल्या माणसाला, पाणीपट्टी विभागाच्या हेडक्लार्कला, भर जिन्यात थंड पाण्याची अंघोळ सुचवली जावी! अब्रूचा प्रश्न उभा राहिला की माणूस मागचापुढचा विचार करत नाही. आप्पांनी दुर्बिणीची सगळी कथा तिथल्या तिथे, शनीच्या कड्यासकट, सांगून टाकली आणि शेवटी म्हणाले, "कुणाला बोलू नका."

"माझ्याकडून नाही जायचं," स्टेशनमास्तर म्हणाले. "पण आप्पा, लोक साडेसाती टळावी म्हणून धडपडतात आणि तुम्ही शनीला घरी बोलावताय?"

घरी संशय नको म्हणून आप्पांनी उरलेली टेहळणी कचेरीत करायची ठरवली. जेवणाच्या सुट्टीत ते काळी खिडकी उघडून दुर्बीण कशी लावायची, शनी आकाशात कुठे सापडतो, हे निर्धास्तपणे बघू लागले. आठवड्याच्या आतच त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. कार्यालयीन यंत्रणेवर आपण वारंवार दुर्बिणी पाहत असल्याचे संगणक विभागाच्या निदर्शनास आले असून त्याचा पाणीपट्टी वसुलीशी असलेला संबंध लेखी कळवावा. आप्पा नोटीस घेऊन तडक संगणक विभागात गेले. गुप्त खिडकीत पाहिलेलं तुम्हाला दिसलंच कसं, हा त्यांचा सवाल होता. तिथल्या मुलीनं खिडकी उघडून त्या मजकुराच्या खालच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. या कॉम्प्युटरवर मागे काही राहत नाही, पण जिच्या इंटरनेटच्या तारेवरून बघता त्या कचेरीला दिसू शकतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. आप्पांनी लेखी खुलासा दिला की थकबाकीदारांची घरं लांबून ओळखता यावीत म्हणून चौकशी करत होतो. साहेबांनी त्यावर 'कल्पना चांगली, खर्च अमान्य' असा शेरा मारला.

पगार झाला. आप्पांनी घरी, एक डोळा दारावर ठेवून, लपवलेली खिडकी वर काढली, पैसे भरले आणि पत्ता कचेरीचा दिला. पावतीवर 'नग दोन' असं दिसलं. एक दुर्बीण आणि एक तिचा स्टँड, आप्पांनी हिशोब लावला आणि खिडकी एकदाची मिटली. त्या रात्री त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवण्यासाठी ते न जेवता झोपले.

खोकं कचेरीत आलं तेव्हा अख्खा विभाग भोवती जमला. आप्पांनी कुणाला सांगितलं होतं असं नाही. सगळ्यांनाच सांगितलं होतं. आतून दुर्बीण निघाली, स्टँड निघाला, सगळ्यांनी वा वा केलं. मग तळातून एक छोटा डबा निघाला. शिपायानं तो उचलून मोठ्यानं वाचला. घोरणे थांबवणारा हनुवटीचा पट्टा, आकार मोठा. डब्यावर एक गुबगुबीत माणूस हनुवटीखालून डोक्यापर्यंत काळा पट्टा बांधून समाधानानं झोपलेला होता. मग कुणाला तरी एकदम खोकला आला.

"हे माझं नाही," आप्पा म्हणाले. "मी घोरत नाही. घरी विचारा."

रोखपाल खाली बघत होता. आप्पांनी त्याला साक्षीला बोलावलं, कारण दौऱ्यावर दोघं एका खोलीत राहिले होते. रोखपाल म्हणाला, त्या दौऱ्यात मी व्हरांड्यात झोपलो होतो, आप्पा. तुम्हाला वाटलं उकाड्यामुळे.

आप्पांनी तिरीमिरीत दुकानाला फोन लावला. यंत्रानं तक्रारीचे प्रकार वाचून दाखवले. वस्तू तुटकी आहे, रंग वेगळा आहे, वस्तू आता नको आहे. वस्तू माझी नाही आणि माझी असण्याचं काही कारणही नाही, असा प्रकार त्यात नव्हता. शेवटी एक मुलगी फोनवर आली. ती फार गोड बोलत होती, त्यामुळे आप्पांना धड चिडताही येईना. तुमच्याच खात्यातून टाकलं गेलंय, सर, ती म्हणाली, मंगळवारी दुपारी. वापरून तर बघा, लोकांना गुण येतोय.

मंगळवारी दुपारी आप्पा कचेरीत त्या नोटिशीचा खुलासा लिहीत होते. लेक कॉलेजात होती. घरी होत्या फक्त बाई, शाळेला अर्धी सुट्टी म्हणून. आप्पांनी रोखपालाकडे पाहिलं. रोखपालानं विचार केला आणि विचारलं, त्या मंगळवारी तुम्ही खिडकी मिटली होती ना? आप्पांनी नकारार्थी मान हलवली. मग झालं, तो म्हणाला. एक गुप्त खिडकी उघडी असताना दुसरी उघडली की तीही त्याच घरातली खोली होते. बाईंनी आपली म्हणून नवी खिडकी उघडली, पण आत तुमचं खातं उघडंच होतं. त्यांनी टोपलीत टाकलेलं तुमच्या टोपलीत पडलं.

आप्पा खुर्चीत बसले. म्हणजे बाईंनाही ती काळी खिडकी ठाऊक होती. टोपी-चष्म्याचा तो माणूस आपणच, असं ते इतके दिवस समजत होते, आणि बाई त्याच्याकडे कधीच्या जाऊन येऊन होत्या. पण कशासाठी? हिस्ट्रीत 'घोरणारा नवरा' असं काही राहिलं तर चहाच्या वेळी ते वाचलं जाईल, लेक हसेल, आप्पांना लागेल. म्हणून. इतक्या वर्षांत त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. मी घोरतो का, असं आप्पांनी चारचौघांत किती वेळा छाती काढून विचारलं असेल, आणि दर वेळी बाईंनी सांगितलं होतं, छे, अगदी लहान मुलासारखे झोपतात. आप्पांना एकदम भरून आलं. विभागासमोर नाक पुसायला लागू नये म्हणून ते पाणी प्यायला उठून गेले.

पण लगेच दुसऱ्या विचारानं त्यांची झोप उडाली. (अर्थात आता झोपायलाही धीर होत नव्हता.) टोपलीत पट्टा टाकताना बाईंनी दुर्बीण पाहिली असेल काय? विचारावं तर आपणच फुटतो. पुढचे दोन दिवस आप्पा बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. त्यांनी आडून आडून विचारलं, इतक्यात काही मागवलंस का गं. बाई म्हणाल्या, मागवणार होते एक, पण पुन्हा पाहिलं तर सगळं पुसून गेलं होतं, राहू दे. आप्पांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गुपित शाबूत होतं. ते आनंदानं गच्चीवर जाऊन एकटेच फेऱ्या मारून आले.

निवृत्तीच्या दिवशी बाई शाळेतून फुलं घेऊन परतल्या, तेव्हा जिन्यात स्टेशनमास्तर उभे होते. त्यांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, दुर्बिणीतून आम्हालाही दाखवा हो शनी, लांबून बघायला काही हरकत नाही. माझ्याकडून नाही जायचं, असं ते म्हणाले होते, आणि खरंच, सांगायला ते मुद्दाम गेले नव्हते. बाईच वाटेत आल्या.

घरात आप्पांनी खोकं टेबलावर मांडलं होतं, वर रंगीत कागद, आपण समोर. बाईंनी खोक्याकडे पाहिलं आणि कागद फाडायच्या आधीच दोन्ही गालांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, दुर्बीण!"

बाईंना भूगोल उत्तम येत असे. नाटक कधीच आलं नाही. आप्पांचा चेहरा पडलेला बघून त्यांना अपराध्यासारखं झालं, आणि मग दोघं एकमेकांना काही नाही, काही नाही म्हणत राहिले. अंधार पडल्यावर सगळी इमारत गच्चीवर जमली. आप्पांनी शनी शोधून दिला. कचेरीतल्या जेवणाच्या सुट्ट्या वाया गेल्या नव्हत्या. बाईंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग हळूच म्हणाल्या, "मी आजवर कडं चुकीचं काढत आले." त्यांच्या तोंडाचा आ झालेला आप्पांनी पाहिला. फार सुंदर होता तो. पण प्रामाणिक माणूस म्हणून आप्पांना कबूल करावंच लागलं की हे श्रेय शनीचं आहे. त्यांनी आणलेलं आश्चर्य जिन्यातच संपलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाईंच्या निवृत्तीनंतरचा तो पहिला रविवार. आप्पांनी पिशवीतून छोटा डबा काढला, आरशासमोर उभं राहून काळा पट्टा हनुवटीखालून घेतला, डोक्यावर आवळला आणि कॉटवर उताणे झाले. त्यांचा अवतार बघण्यासारखा झाला होता, पण बघायला खोलीत कुणी नव्हतं. बाई नेहमीसारख्या कानात घालायचा कापूस घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

कापूस हातातून खाली पडला. डोळे मोठे झाले. आणि तोंडाचा आ असा वासला की शनीच्या वेळी झालेला त्यापुढे काहीच नव्हता. बाई पुढे आल्या, पट्ट्याला बोट लावून पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, पुन्हा पट्ट्याकडे. मी तर तुम्हाला कधीच बोलले नाही, त्या म्हणाल्या. कुणालाच बोलले नाही.

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

आप्पांच्या ओठांवर सगळं एकदम आलं. काळी खिडकी, टोपली, मंगळवारची दुपार, फोनवरची गोड मुलगी, रोखपालाचा व्हरांडा. त्यांनी सांगण्यासाठी जोर लावला. पट्टा चांगल्या प्रतीचा होता. तोंड उघडलं नाही.